खरा वार

तो दुकानात आला तेव्हा माझं मौन चालू होतं.

सकाळी दिवा लावला की तो आपणहून विझेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. आमच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत दिवा जळत असतो आणि पुढं मी काजं करत बसते. तोवर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आत्याचं. दोन माणसांचं बोलणं ती एकटी सहज भरून काढते. पण त्या दिवशी आत्या कोपऱ्यावर दूध आणायला गेली होती, बाहेर पाऊस सरसर कोसळत होता, आणि दारात हा... केसांतून पाणी निथळतंय, आणि शर्टाच्या आत काहीतरी छातीशी घट्ट धरलेलं.

बाहेर काढलं तर कागद. अगदी कोरडा.

"असं शिवून मिळेल का?"

कागदावर कुठल्याशा जुन्या पुस्तकातलं चित्र होतं. दोन माणसं, दोघांच्या हातात लांबलचक तलवारी, आणि अंगात जाड, आडव्याउभ्या टाक्यांची बंडी. आत कापूस भरलेली असावी. मी मान डोलावली.

"म्हणजे कापड जाड हवं. वार बसला तर लागता कामा नये."

मी पुन्हा मान डोलावली. तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं... आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम अशी काही माया आली की मला समजेना, हसावं की रागवावं. पुढच्या क्षणी तो मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलू लागला.

"जाड! कापूस! आत!" गाल फुगवून त्यानं कापूस दाखवला. मग तळहाताच्या कडेनं स्वतःच्या खांद्यावर फटका मारून घेतला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून कापड मोजायचा लाकडी गज उचलला, डोक्यावर नेला आणि फिरवला. फळीवरची रिळं खडखडत खाली आली आणि चारी दिशांना पळाली.

नेमकी तेव्हाच आत्या आली.

"अगं बाई! दुकान लुटायला आलाय का हा?"

"नाही, नाही हो! या ताईंना ऐकू येत नाही, म्हणून मी जरा..."

"हिला? सुई पडली तर शेजारच्या गल्लीतून ऐकू येतं हिला. मौन आहे तिचं."

त्याचे कान लाल झाले. इतके, की काजं करायचा लाल दोरा मी नकळत त्याच्या कानाशी ताडून पाहिला. गज हळूच जागेवर ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि मशीनखालची रिळं गोळा करू लागला. शेवटचं रीळ त्यानं माझ्या हातात दिलं तेव्हा मागच्या खोलीतला दिवा शांत झाला होता.

"हात वर करा," मी म्हणाले. "माप घेते."

त्या दिवसानंतर त्यानं मला पुन्हा कधी ताई म्हटलं नाही. ही गोष्ट माझ्याआधी आत्याच्या लक्षात आली.

---

दिवसा तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. संध्याकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत चारसहा जण जमायचे आणि युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचा अभ्यास करायचे.

"शिकवतं कोण?" मी विचारलं. टेप त्याच्या खांद्यावरून मनगटापर्यंत ताणलेला होता.

"कुणी नाही. शिकवणारे पाचसहाशे वर्षांपूर्वी गेले. त्यांची पुस्तकं उरलीत. चित्रं, आणि चित्राखाली दोन ओळी. त्याही अशा, की लिहिणाऱ्याला वाटत होतं वाचणाऱ्याला सगळं ठाऊकच आहे."

"मग कळतं कसं?"

"करून बघायचं. चुकायचं. पुन्हा चित्र बघायचं."

"हात डोक्यावर न्या. तलवार धरता तसा."

"कसा नेऊ? हात तुमच्या टेपात अडकलाय."

"मग राहू द्या तसाच," मी म्हणून गेले. कात्री चालवत असलेल्या आत्यानं एकदा वर पाहिलं.

बंडी शिवून झाली, पण हात वर नेला की सगळी बंडी हाताबरोबर वर चढायची. मुंढा, म्हणजे काखेचा घेर, चुकला होता. उभ्या माणसाचं माप घेऊन भागणार नव्हतं. हा माणूस हलतो कसा ते बघायला हवं होतं. म्हणून मी व्यायामशाळेत गेले. आत्या म्हणाली, "मुंढा बघायलाच जातेस ना?" मी काहीच बोलले नाही. मौनाची वेळ कधीच टळून गेली होती, तरीही.

तिथं रबरी चटयांचा वास होता. जाळीचे मुखवटे होते, बोथट धारेच्या तलवारी होत्या, आणि भिंतीवर पुस्तकातल्या चित्रांच्या मोठ्या प्रती ओळीनं लावलेल्या होत्या. तो एकेका चित्रापुढं उभा राहून खालच्या ओळी वाचायचा आणि आपल्या भाषेत सांगायचा. आवाज असा, की जणू लिहिणारा माणूस शेजारच्याच खोलीत आहे आणि त्याला त्रास होता कामा नये. मी मुंढा बघायला गेले होते, पण बघत राहिले त्याचा चेहरा. इतक्या जुन्या, कुणा परक्या माणसाच्या शब्दांपुढं असं नम्र उभं राहणारं कुणी मी पाहिलं नव्हतं.

मुंढा दुरुस्त झाला. तरी मी जात राहिले.

"तुम्हीही धरून बघा ना," एकदा तो म्हणाला.

पहिला वार मी केला आणि पाठोपाठ म्हणाले, "माफ करा."

"वार केल्यावर माफी मागायची रीत कुठल्याच पुस्तकात नाही."

"तुमची पुस्तकं अपुरी आहेत."

"असतील," तो हसून म्हणाला. "लिहिणारे तुम्हाला भेटले नव्हते."

---

त्या भिंतीवर एक चित्र होतं, त्याला सगळे 'दार' म्हणायचे. खाली एवढंच लिहिलेलं : तो वरून आला की पाऊल टाक आणि दार उघड. पाऊल कुठं टाकायचं, ते लिहिणारा विसरला होता. चित्रातली दोन माणसं एकमेकांसमोर नव्हती, तिरकी उभी होती. त्यावरून त्यानं अर्थ लावला होता, की वरून वार आला की झटकन बाजूला सरकायचं, तलवार आडवी उचलायची, आणि समोरच्याची तलवार घसरून गेली की आपलं टोक त्याच्या तोंडासमोर. या एका चित्रावर त्याची कितीतरी वर्षं गेली होती. त्यावर त्यानं लेख लिहिला होता. लवकरच बाहेरून मोठे अभ्यासक येणार होते. त्यांच्यापुढं तो हे करून दाखवणार होता. त्यांना पटलं तर अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर त्याच्या हाती येणार होतं. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, की मी दुसरीकडे बघायची.

एरवी त्याच्यासमोर पोस्टमन उभा राहायचा. टपाल वाटून झालं की थेट सरावाला यायचा, म्हणून त्याला सगळे पोस्टमनच म्हणत. त्याचा गुडघा दुखावला आणि वार करायचं काम माझ्याकडं आलं. मी वरून वार करायची, तो सरकायचा, दार उघडायचं. दर वेळी. जाळीआडून तो हसायचा आणि माझा दिवस सोन्याचा व्हायचा.

मग दुकानात एक बाई आल्या. झग्याचं माप देताना त्यांनी पोट इतकं आत ओढलं की चेहरा निळा पडायची वेळ आली.

"सोडा तो श्वास," आत्या म्हणाली. "आत्ता माझ्याशी खोटं बोलाल, आणि चारचौघांत झगा खरं बोलेल. टरकन."

बाई हसल्या. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

कारण मला माझा वार आठवला. मी त्याच्या डोक्यावर कधी वार केलाच नव्हता! तो सरकणार हे मला ठाऊक असायचं, त्याची तलवार कुठं येणार हे ठाऊक असायचं, आणि माझी तलवार मी नेमकी तिथंच अलगद आणून ठेवायची. त्याला लागू नये म्हणून. पोस्टमनही तेच करायचा. आम्ही सगळे त्याच्यावर इतकी माया करत होतो की इतक्या दिवसांत त्याच्यावर एकही खरा वार झाला नव्हता.

त्या पाहुण्यांपैकी कुणाची माया असणार होती त्याच्यावर?

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगितलं तर त्याची वर्षं मातीत जातील, आणि ती घालवणारी मी असेन. मग तो कशाला माझं तोंड बघेल... आणि नाही सांगितलं तर त्या लोकांसमोर, भरल्या सभेत, लोखंड त्याच्या डोक्यावर आदळेल. तिसऱ्या सकाळी दिवा लावला आणि दिवसाचा नेम धरला : आज हात खोटा पडू द्यायचा नाही.

---

"आज मी तुमच्या डोक्यावर मारणार आहे," मी म्हणाले.

"रोज कुठं मारता मग?" मुखवटा चढवता चढवता तो हसला.

"रोज... तुमच्या तलवारीवर."

जाळीआडचे डोळे क्षणभर स्थिर झाले. मग त्यानं मान हलवली. "मारा."

तो सरकला. माझी तलवारही सरकली, तो जिथं गेला तिकडं. मुखवट्यावर टण्णकन आवाज झाला आणि व्यायामशाळेतली बाकीची खडखड थांबली.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"पुन्हा. जोरात."

माझा हात खोटा पडला नाही. मग त्यानं गुडघा बरा होऊन परतलेल्या पोस्टमनला बोलावलं. "तूही. खरा मार." त्याचाही वार बसला. सरकणारा माणूस कुठं सरकतोय ते मारणाऱ्याला दिसतंच की! इतकी साधी गोष्ट, आणि आम्हाला कुणालाही ती कधी दिसली नव्हती.

त्यानं मुखवटा काढला. केस कपाळाला चिकटलेले. माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीवरचं 'दार' काढलं, हळूच गुंडाळी केली आणि म्हणाला, "आज इथंच थांबू."

तो गेल्यावर पोस्टमन माझ्याजवळ येऊन बसला. "अहो, वर्षं गेलीत त्यांची यात. जरा हळू सांगायचं होतंत."

"हळूच सांगितलं हो," मी म्हणाले. आणि मग मला रडू आवरेना.

---

तो दुकानात आला नाही. व्यायामशाळेला कुलूप. मी कॉलर उलट्या लावल्या, एका बाहीला दुसऱ्याच सदऱ्याचं बटण शिवलं. शेवटी आत्यानं माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"बोल."

मी सगळं सांगितलं. आत्या बराच वेळ गप्प होती, जे तिच्या बाबतीत फार गंभीर समजायचं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. मग सुस्कारा सोडला. "मुलगा मात्र चांगला होता गं."

"होता काय म्हणतेस?"

"बरं, आहे. आणि तू रोज काय मागतेस देवाकडं त्याच्यासाठी?"

"त्याला काही लागू नये."

"आणि स्वतःसाठी?"

तेवढ्यात दार वाजलं.

तोच होता. दाढी वाढलेली, काखेत चित्राची गुंडाळी. आमच्या दोघींकडे पाहत उंबऱ्याशीच उभा राहिला, गिऱ्हाईक असावा की नसावा हे न ठरल्यासारखा.

"राग आला होता मला," तो म्हणाला. "तुमचाच. खोटं कशाला बोलू."

मी मान खाली घातली.

"एक दिवस टिकला. मग आठवत बसलो, माझ्यावर खरा वार आजवर कुणी केला होता. घरच्यांनी नाही. मित्रांनी नाही. सगळे म्हणायचे, वा, छान. आणि तुम्ही... तुमचे हात थरथरत होते. जाळीतून दिसत होतं मला. तरी मारलंत." "कसे आभार मानू ते सुचत नव्हतं, म्हणून आलो नाही. अजूनही सुचलेलं नाही. पण न येता राहवेना."

"लेख?"

"मागं घेतला. पाहुणे येतील तेव्हा सांगेन, हे मला अजून कळलेलं नाही. भाषांतर दुसऱ्या कुणाकडं जाईल. जाऊ दे." हे 'जाऊ दे' म्हणताना त्याचा आवाज जरासा फाटलाच. मग गजाकडं बघत म्हणाला, "एकदा... अजून एकदाच माराल? मला नीट बघायचंय, चुकतं कुठं."

"इथं?"

"माझा गज मोडला तर नवा आणून द्यायचा," आत्या म्हणाली आणि खुर्ची मागं ओढून जागा करून दिली. जागा ती केवढीशी! एका बाजूला कापायचं टेबल, दुसऱ्या बाजूला मशीन आणि त्याला लागून कापडाचे तागे, त्याच्या मागं ट्रायल रूमचा पडदा. मधल्या बोळात आम्ही दोघं समोरासमोर. माझ्या हातात एक गज, त्याच्या हातात दुसरा.

"खरा," तो म्हणाला.

मी गज डोक्यावर नेला आणि थेट त्याच्या कपाळाचा नेम धरला.

त्यानं सवयीनं बाजूला पाऊल टाकलं आणि टेबलाचा कोपरा मांडीत बसला. सरकायला जागाच नव्हती. गज खाली येत होता, मागं पडदा होता, विचार करायला वेळ नव्हता... आणि तो पुढं आला. सरळ माझ्या अंगावर. त्याचा आडवा गज वर उठला, माझा त्यावरून घसरला, आणि घसरत्या वाराबरोबर मीच बाजूला फेकली गेले, कापडाच्या ताग्यांवर. सावरून पाहते तर त्याच्या गजाचं टोक माझ्या चेहऱ्यासमोर.

कुणीच हललं नाही.

"हलू नका," तो कुजबुजला. "आरशात बघा."

आमच्या उभ्या आरशात दोन माणसं होती. एकमेकांसमोर नाही, तिरकी. एकाचा गज आडवा उचललेला, दुसरीचा घसरून खाली गेलेला. टेबलावर सोडलेल्या गुंडाळीची गरज नव्हती. ते चित्र आम्हा दोघांनाही डोळे मिटून आठवत होतं.

"दार उघडणारा सरकलाच नव्हता," मी म्हणाले. "ज्यानं वार केला, तो सरकला!"

"आणि हा पुढं गेला. सरळ पुढं." तो हसू लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दिवसभर लोकांना विचारतो, खालची ओळ दिसते का... आणि मला एवढा मोठा माणूस दिसला नाही! जवळ जायचं होतं. इतकं जवळ, की वाराला जोरच उरत नाही. आणि मी इतकी वर्षं लांब पळत होतो."

हसता हसता तो थांबला. आम्ही अजून तसेच उभे होतो. त्याचा श्वास माझ्या कपाळावरच्या बटेला लागत होता. आता मागं सरकायला हवं, हे दोघांनाही कळत होतं.

"तुम्हाला भीती नाही वाटली त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"वाटली. तुम्ही परत येणार नाही याची."

"तरी?"

"तुम्ही आला नसतात तर मी रडले असते. पण तिथं चारचौघांत तुम्हाला लागलं असतं... तर मला देवापुढं उभं राहता आलं नसतं."

तो पुस्तक वाचताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "मला रोज यायचंय. म्हणजे... मला जायचंच नाहीये."

"सरावाचं म्हणताय?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "की..."

"लग्नाचं," तो म्हणाला. "सरावाचंही. पण आधी लग्नाचं."

"आधी दोघं ते गज खाली ठेवा," मागून आत्या म्हणाली. "हातात काठ्या घेऊन लग्नाची बोलणी मी आजवर पाहिली नाहीत."

आम्ही गज खाली ठेवले. माझे हात मोकळे झाले, आणि कुठं ठेवावेत ते कळेना. त्यानंच पुढं होऊन ते धरले, सांडू नये असं काही धरावं तसे.

"हो," मी म्हणाले.

"आभारी आहे," तो म्हणाला. अगदी घाईघाईनं, बसमध्ये कुणी सरकून जागा दिली की म्हणतात तसं.

आत्या फस्सकन हसली. त्याचे कान पुन्हा लाल झाले. मला मात्र हसू आलं नाही. डोळे मिटून मीही तेव्हा तेच दोन शब्द म्हणत होते, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा. मी ते कुणाला म्हणतेय, ते त्यानं विचारलं नाही. नुसते हात धरून माझं म्हणून होईपर्यंत थांबला.